मेल्यानंतरची यादी

अमेरिकेचा इतिहास म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टन आणि १७७६ एवढंच आठवतं. पण त्याआधीही तिथे दीडशेहून जास्त वर्षं इंग्रजांच्या वसाहती होत्या. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या लोकांनी प्लिमथ वसवलं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी डायरी वगैरे काही लिहिली नाही. मग ते घरात कसे राहायचे, हे आज कळणार कसं?

उत्तर आहे एका रुक्ष कागदात! घरचा कर्ता वारला की शेजारचे दोघे-तिघे येऊन सामानाची यादी करत. गादी, कढई, कुदळ, गाय, आणि प्रत्येकापुढे किंमत. कर्ज फेडायला नि वाटणी करायला ती लागायची. जॉन डेमॉस, जेम्स डीट्झ अशा अभ्यासकांनी या याद्यांवरून त्यांचे संसार उभे केले. काय दिसतं त्यात? बिछाना ही घरातली सगळ्यात महाग वस्तूंपैकी एक. खुर्च्या मोजक्याच. सतराव्या शतकात काटे तर जवळपास नाहीतच, म्हणजे जेवण हाताने नि चमच्याने.

पण यादीत नाही ते जास्त महत्त्वाचं. लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे तिची वेगळी यादी सहसा सापडत नाही. आणि गुलाम? ते काही याद्यांत आहेत, पण गाईबैलांच्या जवळ, किंमत लावलेले. म्हणून आकडे मोजण्याआधी यादी कोणी नि कशासाठी केली, ते विचारायचं.