आश्रमशाळेतील मुलाचे उरलेले अठरा तास

शाळा सहा तासांची असते आणि शिक्षणाविषयी आपल्याकडे जी काही चर्चा होते ती बहुधा ह्या सहा तासांपुरतीच असते. अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकांची भरती, निकालाची टक्केवारी ह्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात. परंतु ज्या मुलाचे घर म्हणजेच शाळा, त्याचे उरलेले अठरा तास कोणाच्या हिशेबी धरावयाचे? महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळांची संख्या त्याहून थोडी अधिकच भरेल. ह्या शाळांच्या पटावर चार लाखांहून अधिक मुले आहेत व त्यांतील बहुसंख्य तेथेच राहतात, जेवतात, झोपतात, आजारी पडतात. एखाद्या मध्यम शहराएवढी ही वस्ती आहे. फरक एवढाच की, तिच्यात आईबाप नाहीत.

सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचा सहा-सात वर्षांचा मुलगा जून महिन्यात अशा शाळेत दाखल होतो. त्याच्या घरी पावरी किंवा भिल्ली बोलली जाते. शिक्षक बोलतात ती मराठी त्याला परकी, पुस्तकातली तर त्याहूनही परकी. तो गप्प बसतो आणि गप्प बसणारे मूल मंद समजण्याची आपल्या शाळांची रीत जुनीच आहे. पण भाषेची ही अडचण वर्गात भासते त्यापेक्षा वर्गाबाहेर अधिक जाचते. पोटात दुखते आहे, अंथरूण ओले झाले आहे, थोरल्या मुलाने मारले आहे, हे सांगावयाचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत? अशा वेळी पाचवी-सहावीतला, त्याच्याच गावचा एखादा मुलगा त्याचा दुभाषी होतो, त्याला आंघोळीला नेतो, ताटात वाढलेले संपवावयास लावतो. कागदोपत्री पालकत्व अधीक्षकाकडे असते. प्रत्यक्षात ते अकरा वर्षांच्या पोरावर येऊन पडते. कित्येक मुले पहिल्या महिन्यातच डोंगरवाटेने घराकडे पळ काढतात. त्यांना वडील पुन्हा आणून सोडतात, आणि दोन-तीन वेळा असे झाले की मूल रुळले असे म्हटले जाते.

वडील त्याला परत का आणून सोडतात, हे समजून घेतले पाहिजे. त्यांना मुलाची माया नाही असे मानणे हा शहरी मनाचा उद्धटपणा होय. सातपुड्यातील कोरडवाहू शेती वर्षभर पुरत नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी अन्‌ मजुरीसाठी गुजरातेत जातात. मुलगा बरोबर गेला तर तो उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळील. शाळेत राहिला तर निदान दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख तरी पदरात पडेल. तेव्हा आश्रमशाळा बंद करा, असे उतावीळपणे म्हणणाऱ्यांनी त्या फडाकडे एकदा पाहून यावे. मात्र ह्याच कारणाने मुलाची स्थिती अधिक अवघड होते. त्याला सुटी मिळते तेव्हा कित्येकदा घराला कुलूप असते.

मुलांना घरापासून दूर ठेवून शिकविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, म्हणून त्या नगरीला वसतिगृहांची जननी हे नाव मिळाले. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांसाठी धान्य नाही म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. ही कथा पाठ्यपुस्तकांतून येते आणि आपण ती त्यागाची कथा म्हणून वाचतो. वास्तविक ती व्यवस्थेचीही कथा आहे. आज कोणते मूल उपाशी आहे, कोणाला ताप आहे, हे त्या घरात एका माणसाला ठाऊक असे. तिकडे ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापन करून जी आश्रम-पद्धती रुजविली, तिचाही आधार हाच होता: कार्यकर्ता मुलांबरोबर राहत असे. १९७२-७३ नंतर शासनाने आश्रमशाळांची योजना मोठ्या प्रमाणावर हाती घेतली तेव्हा इमारत घेतली, वेतनश्रेणी घेतली, नावही घेतले. बरोबर राहणारा माणूस तेवढा मागे राहिला.

आज शेकडो मुलांमागे एक अधीक्षक व एक अधीक्षिका असावी, असा सर्वसाधारण हिशेब आहे; ती पदेही ठिकठिकाणी रिकामी राहतात. शिक्षक संध्याकाळी तालुक्याच्या गावी परततात. अनेक शाळांतून दिवसाची वर्गखोली हीच रात्रीची झोपण्याची खोली असते. बाके सरकवून मुले जमिनीवर सतरंजी पसरतात. पावसाळ्यात सर्पदंशाने मूल दगावल्याची बातमी येते, चौकशीचा आदेश निघतो, पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातून तशीच बातमी येते. ह्या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्या मुलाचे अंग रात्री दुखू लागले तर ते ओळखावयास डोळा शिकलेला हवा. मुलींच्या सुरक्षिततेविषयी जे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले, त्यांचे मूळही रात्री जबाबदार स्त्री जागेवर नसण्यातच सापडते. थोरली मुले बोलू तरी शकतात. भोजनाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पहिलीतले मूल कोठे चालत जाणार?

म्हणूनच पहिली ते चौथीची मुले निवासी शाळेत असावीत काय, ह्याचा विचार आता टाळता येणार नाही. राज्यघटनेचे कलम ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावयास सांगते. २०२० चे शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शक्यतो राखावी असे म्हणते. ती भाषा पाड्यावर आहे, वसतिगृहात नाही. आणि तरीही पाऊल उलट दिशेने पडत आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये मागविले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचेच नाव पुढे करण्यात आले. पाड्यावरची दोन शिक्षकांची शाळा मिटली की लहानग्याला निवासी शाळेवाचून गती उरत नाही. स्थलांतराच्या पाच-सहा महिन्यांपुरते मूल गावातच, आजी-आजोबांच्या नजरेखाली राहील अशी हंगामी वसतिगृहांची सोय राज्यात आहे. ती ऊसतोडीच्या पट्ट्यात रुजली, तशी सातपुड्यातल्या लहान मुलांसाठी रुजविणे अशक्य नाही. पाचवीनंतर त्याने खुशाल आश्रमशाळेत यावे. तोवर तो पाणी मागण्याइतकी मराठी शिकलेला असेल.

खर्चाचा मुद्दा ज्यात येत नाही अशीही एक गोष्ट आहे. सातपुड्याचा मोठा सण दिवाळी नव्हे, होळी. गुजरातेत गेलेली माणसे होळीला परततात, भोंगऱ्या बाजार भरतात, काठीच्या राजवाडी होळीला डोंगर लोटतो. नेमक्या ह्याच दिवसांत वार्षिक परीक्षेची घाई असते, आणि शाळेत मुले थांबत नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. आईला चार-पाच महिन्यांनी भेटावयास गेलेल्या मुलाची ही नोंद आहे. शाळेला द्यावयाच्या सुट्यांतील आठवडाभर दिवाळीतून काढून होळीला जोडावा, एवढे करण्यास प्रकल्प अधिकाऱ्याची सही पुरेशी ठरावी.