यंदाचा वग कोणता?

दसरा उलटला की सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या तमाशाशौकिनांची एकच चौकशी सुरू व्हायची: यंदा नवा वग कोणता बसवलाय? वग म्हणजे तमाशात शेवटी येणारं कथानाट्य. तो कुणाच्या फडाचा, म्हणजे कुठल्या तमाशामंडळाचा, हे सांगावं लागत नसे. ज्याचा-त्याचा फड ठरलेला. काळू-बाळूंच्या फडाचा चाहता विठाबाईंच्या तंबूतही जाई, शिट्ट्या मारी. पण परतीच्या वाटेवर उणंदुणं काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांवर तर जिल्ह्याचा हक्कच. १९३५ साली त्या पंढरपुरात जन्मल्या, म्हणून नाव विठा. घराणं नारायणगावचं, आजोबांपासून तमाशात. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्यांना राष्ट्रपती पदकाचा मान मिळाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा आल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला सज्ज झाल्या, ही हकिकत कलानिष्ठेची म्हणून सांगतात. मला तिच्यात कनातीपलीकडे ताटकळलेल्या गर्दीची दहशतही दिसते. चाहत्याची वाट पाहणं प्रत्येक वेळी प्रेमळच असतं, असं नाही.

वग करणाऱ्या ढोलकी फडाचं वर्ष पावसावर बेतलेलं. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला. त्याच दिवसांत नव्या वगाची जुळवाजुळव आणि तालमी. दसऱ्यापासून तिकिटावरचे खेळ. मग गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. इथं चाहता एकटा नसतो, अख्खं गाव असतं. देवाच्या यात्रेला कोणता फड आणला, यावर शेजारच्या गावाशी वर्षभर बोलणी होतात, म्हणून पंचमंडळी रक्कम ठरवण्याआधी फडाची माणसं, वग आणि वगातला सोंगाड्या (विनोदी नट) यांची नीट विचारपूस करत. (मोडनिंबची कला केंद्रं आणि अकलूजची लावणी स्पर्धा हा संगीतबारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या तमाशाचा, प्रांत. तिथला शौकीन वगासाठी जात नाही. तो लावणीसाठी आणि अदेसाठी जातो.)

नवा वग म्हणजे छापील नाटक नव्हे. पूर्वी कथेचा सांगाडा, पदं आणि प्रवेशांचा क्रम तेवढा ठरलेला असे. बोलणं कलावंत उभ्या-उभ्या रचत. कुठं हशा येतो, कुठं लोक जांभया देतात, हे बघत वग गावागणिक बदलायचा. त्यामुळं कार्तिकात पाहिलेला वग आणि चैत्रात पाहिलेला वग एकच असेल, याची खात्री नसे. एकच वग दोनदा बघायला लोक जात, त्यात वेड होतं तसा व्यवहारही होता.

तरीही चाहत्याला खरंच नवं हवं असतं का? कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’त काळू आणि बाळू नावाचे हवालदार रंगवले आणि त्यांची स्वतःची नावं मागं पडली. पुढं कितीही वग आले तरी लोकांना हेच दोघे हवे होते. हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडच्या ‘रोलिंग स्टोन्स’ बँडनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम काढला. नव्या स्वरचित गाण्यांचा अल्बम अठरा वर्षांनी आला, म्हणून जगभर गाजावाजा झाला. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात मात्र बहुतेक वेळ जुनीच गाणी वाजली. नव्या वगाचं नाव लावून तंबू भरायचा आणि आत गेल्यावर ओळखीचा सोंगाड्या दाखवायचा, हे गणित आपल्या फडमालकांना केव्हाच जमलं होतं.

आता ते गणित बिघडलंय. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम रात्र मोकळी असताना ठीक होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केले. सवलतीच्या मोजक्या दिवशी बाराची मुदत. शेवटी येणारा वगच त्यात कापला जाणार, हे उघड आहे. रंगबाजीतली वेळ सिनेमाची गाणी खातात. ती मागणाऱ्या प्रेक्षकाला नावं ठेवणं सोपं आहे, पण दहा वाजता घरी पाठवायचंय हे ठाऊक असलेला मालक तरी पहाटेपर्यंत पिकणारी कथा कशाला बसवेल? त्यात २०२० आणि २०२१ चे दोन्ही चैत्र करोनात गेले. यात्रा नाहीत, सुपाऱ्या नाहीत. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकरही मे २०२१ मध्ये गेल्या.

फडमालक अनुदान मागतात आणि खेळाला जादा वेळही मागतात. बातमी होते ती अनुदानाची. दुसरी मागणी मला जास्त तातडीची वाटते. यात्रेच्या रात्री गावानं ठराव करावा, शेजारपाजारच्या वस्तीची संमती घ्यावी, आवाजाची पातळी बांधून घ्यावी आणि फडाला पहाटेपर्यंत मुभा मिळावी. त्यासाठी आधी नियम बदलावा लागेल, आणि ते काम एकट्या यात्रा कमिटीच्या हातात नाही.