जुन्या यंत्रांचं दुसरं आयुष्य : आधी लोखंड तपासा, मग कंप्युटर बसवा

मागच्या आठवड्यात आपण जुनं मिलिंग मशीन घेताना काय बघावं, ते पाहिलं. आता मशीन शेडमध्ये उतरलं आहे, असं धरून पुढे जाऊ. बारामती एमआयडीसीतलं वर्कशॉप असो की इंदापूर तालुक्यात लोणी देवकरचं, मशीन क्रेनवरून खाली टेकलं की मालकाचा पहिला फोन बहुधा कंट्रोलर विकणाऱ्याला जातो. सर्व्हो किती वॉटची, स्क्रीन किती इंची, प्रोग्राम पेनड्राइव्हवरून घेता येतो का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी शेवटी येते. रेट्रोफिट फसतं ते कंट्रोलरच्या निवडीत नाही, त्याच्या आधीच्या कामात फसतं. म्हणून आजचा भाग त्या कामासाठी राखून ठेवला आहे. पॅनेल आणि वायरिंग पुढच्या आठवड्यात.

त्याआधी, हे मशीन या भागात हवंय कशाला, हे स्पष्ट असू द्या. बारामतीत पियाजो आहे, भारत फोर्ज आहे. अशा कारखान्यांना लागणारे एकसारखे हजारो नग करायचे असतील तर आपोआप टूल बदलणारं नवं व्हीएमसीच हवं. हाताने टूल बदलायचं रेट्रोफिट मशीन तिथे कधीच परवडणार नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण याच पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे साखर कारखाने आहेत. गाळप संपलं की दुरुस्तीचा मोसम सुरू होतो. तेव्हा येणारं काम एकेकट्या नगाचं असतं. एखादं कपलिंग, पंपाच्या शाफ्टवरचा चावीगाळा, ड्रॉइंग हरवलेलं बेअरिंग हाउसिंग, आणि तेही परवापर्यंत हवं असतं. बोल्टांच्या गोलावर बारा भोकं नेमक्या अंतरावर पाडायची, वाकडी कड काढायची, गोल खिसा खोदायचा, ही कामं हँडल फिरवून करताना कसलेल्या मिलरचाही दिवस जातो. कंप्युटर जोडलेलं जुनं मिल तीच कामं सुखाने करतं. या पट्ट्याला यंत्रकामाची सवयही जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर उभं राहिलं. त्याच वालचंदनगरच्या इंजिनिअरिंग कारखान्यात आज इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटला लागणाऱ्या एस-२०० बूस्टरच्या मोटर केसिंगचे भाग तयार होतात. या बूस्टरचा व्यास ३.२ मीटर आहे.

जुन्या मशीनला नवं नियंत्रण जोडणं म्हणजे दुय्यम दर्जाची तडजोड, असं अनेकांना वाटतं. इतिहास उलटं सांगतो. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून सुरू झालेलं काम अमेरिकेत एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने पूर्ण केलं आणि सप्टेंबर १९५२मध्ये त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारं ते मिलिंग मशीन त्यांनी नव्याने घडवलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं ‘हायड्रोटेल’ हे तयार मशीन घेऊन त्याला २९२ व्हॅक्यूम ट्यूबांचा कंट्रोलर जोडला होता. म्हणजे सीएनसीचा वंश ज्या मशीनपासून सुरू होतो, तेच मुळात रेट्रोफिट होतं.

आता कामाला लागू. मॅग्नेटिक स्टँड कॉलमवर चिकटवा, डायल गेजचं टोक टेबलाच्या बाजूला टेकवा. हँडल एका दिशेने फिरवून टेबल सरकवा, डायल शून्यावर आणा, मग हँडल उलटं फिरवायला लागा. हँडलावरचे आकडे पुढे जातात आणि गेजचा काटा जागचा हलत नाही. काटा हलेपर्यंत हँडल जेवढं फिरलं, तेवढा स्क्रू-नटातला प्ले. ही तपासणी टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध अशी तीन ठिकाणी करायची. बहुतेक जण एकाच ठिकाणी करतात आणि तिथेच चुकतात. व्हाइस वर्षानुवर्षं टेबलाच्या मध्यावर बांधलेला असतो, त्यामुळे स्क्रूचा मधला भाग सगळ्यात जास्त झिजलेला असतो. समजा टोकांना प्ले ०.०५ मिलिमीटर आहे आणि मध्ये ०.२५. मधला प्ले काढायला नट आवळला तर टोकाकडे जाताना टेबल जाम होणार. नट बदलला तरी तेच, कारण दोष स्क्रूत आहे.

“कंट्रोलरमध्ये बॅकलॅशचा आकडा भरला की झालं,” असं विकणारे सांगतात. पूर्ण खरं नाही. एक तर तो आकडा साधारणपणे सगळीकडे एकच लागू होतो, आणि झीज तर जागोजागी वेगळी. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. डाउन मिलिंग करताना कटर टेबलाला आपल्याकडे ओढतो. नटात मोकळीक असली की टेबल तेवढं झटकन पुढे सरकतं, दात नको तितका खोल बसतो, कटर तुटतो किंवा जॉब उखडतो. हे घडत असताना कंट्रोलरला पत्ताही नसतो, कारण त्याचा एन्कोडर मोटरवर बसलेला असतो आणि मोटर तर आपल्या जागी बरोबर आहे. हाताने काम करणारा मिलर हे जाणून असतो, म्हणून जुन्या मशीनवर तो अप मिलिंगच पसंत करतो. कंप्युटरने गोल कापताना मात्र टेबलाची दिशा सारखी उलटते, आणि तिथे ही सावधगिरी चालत नाही.

म्हणून एक्स आणि वाय दोन्हींना बॉलस्क्रू बसवावा, प्रीलोड असलेल्या नटासह. रोल्ड स्क्रू सी-७ दर्जाचा मिळतो. त्यात ३०० मिलिमीटर प्रवासात सुमारे ५० मायक्रॉनची चूक धरलेली असते. ग्राउंड सी-३मध्ये ती ८ मायक्रॉन. दुरुस्तीच्या कामाला सी-७ पुरतो, असं माझं मत आहे; अंतराची चूक दर वेळी सारखीच येत असल्याने ती मोजून कंट्रोलरमध्ये भरता येते. पैसा वाचवायचा तर इथे वाचवा, पण टोकाच्या बेअरिंगवर वाचवू नका. जोडीने, एकमेकांविरुद्ध दाबून बसवलेली अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगच हवीत. जुनं ढिलं थ्रस्ट बेअरिंग तसंच ठेवलं तर नटातून काढलेला प्ले तिथे जाऊन बसतो. आणखी एक अडचण मशीन उघडल्यावरच दिसते. बॉलनट जुन्या पितळी नटापेक्षा जाड असतो आणि सॅडलखाली जागा तुटपुंजी. ती करायला सॅडलचं बीड बेधडक कोरू नका. स्क्रूचा व्यास एक पायरी कमी घेणं परवडतं, सॅडल कमकुवत करणं परवडत नाही.

नी वरखाली करणाऱ्या स्क्रूची गोष्ट वेगळी आहे. जुन्या चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आट्यांच्या स्क्रूत घर्षण इतकं असतं की बहुतेक शक्ती त्यातच जाते. पण त्याच घर्षणामुळे हँडल सोडलं तरी नी, सॅडल, टेबल असं काहीशे किलोंचं वजन जागच्या जागी उभं राहतं. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. तो फिरायला सोपा, तसाच उलटा फिरायलाही सोपा. चालू कामात लाइट गेली की सर्व्होचा जोर संपतो आणि अख्खं नी खाली बसतं. खाली कुणाचा हात असला तर तो गेला. म्हणून या अक्षाला ब्रेक असलेलीच मोटर घ्यावी, वीज गेली की स्प्रिंगने आपोआप आवळणाऱ्या ब्रेकची. शक्य असेल तर प्रतिभारही द्यावा. यात काटकसर करणाऱ्याचं मशीन मी वापरायला घेणार नाही.

मोटरचं गणित सोपं आहे. ७५० वॉटची, ३००० फेऱ्यांची सर्व्हो साधारण २.४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. दोनास एक अशा दातेरी पट्ट्याने तो स्क्रूवर ४.८ होतो. ५ मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूवर यातून साधारण ५५० किलोंचा रेटा मिळतो आणि वेग मिनिटाला साडेसात मीटरपर्यंत जातो. मधल्या आकाराच्या मिलला एवढं पुरेसं आहे. स्टेपर मोटर स्वस्त पडते, पण कटर अडकून तिचं एखादं पाऊल चुकलं तर साध्या स्टेपरचा कंट्रोलर ते ओळखू शकत नाही आणि पुढचा सगळा जॉब तेवढा सरकलेला निघतो. जाहिरातीतल्या सूक्ष्म आकड्यांनीही भुलू नये. फेरीला १०,००० ठोके मोजणारा एन्कोडर या जोडणीत पाव मायक्रॉनचा हिशेब ठेवतो, हे खरं. पण तो हिशेब मोटरच्या शाफ्टचा आहे, कटरच्या टोकाचा नाही.

टोकाचा हिशेब ठरतो स्लाइडवर. इथे मात्र विकत आणून बोल्टने कसण्यासारखं काही नाही. हाताचं काम आहे. सरळ पट्टीला प्रशियन ब्लूचा पातळ थर लावायचा, ती स्लाइडवर घासायची, निळा डाग उमटेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. चौरस इंचात दहा ते वीस ठिपके सारखे पसरून दिसेपर्यंत हे चालतं. झीज मध्ये असते म्हणून मधल्या खोल भागाला हात न लावता टोकं खाली आणत जायचं. अनुभवी फिटर असला तर दोन ठिपक्यांमधल्या त्या बारीक खळग्यांत तेल कसं धरून राहतं, ते तो बोट फिरवून दाखवेल. स्लाइड फारच गेली असेल तर ग्राइंड करून टेबलाच्या बाजूने टर्साइटची पट्टी चिकटवतात आणि तीच स्क्रेप करतात. टर्साइटचा मोठा फायदा असा, की हळू फीडवर टेबल चिकटून मग एकदम सुटण्याची खोड जाते. सर्व्होला ती खोड अजिबात सोसत नाही. आपल्या भागात स्क्रेपिंग जाणणारे फिटर आता बहुतेक निवृत्तीच्या वयाचे आहेत. असा माणूस मिळाला तर त्याच्या हाताखाली आयटीआयचा एक मुलगा आवर्जून बसवा. त्या मुलाची मजुरी रेट्रोफिटच्या खर्चातच धरा.

सगळं जुळल्यावर पहिली परीक्षा गोलाची. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर १०० मिलिमीटरचा गोल एकाच शेवटच्या हलक्या कटाने फिरवा आणि नख फिरवून बघा. घड्याळाच्या ३ आणि ९च्या जागी पायरी लागली तर एक्समध्ये प्ले उरला आहे. १२ आणि ६वर लागली तर वायमध्ये. पायरी नाही, पण गोल तिरक्या कर्णावर लांबट निघाला, तर कारणं दोन संभवतात. तोच गोल उलट्या दिशेने पुन्हा फिरवा. लांबटपणा दुसऱ्या कर्णावर गेला तर दोन मोटरींचं ट्यूनिंग जुळलेलं नाही, ते स्क्रीनवर बसून सुधारता येतं. त्याच कर्णावर राहिला तर सॅडलच्या दोन स्लाइड एकमेकींना काटकोनात नाहीत, आणि सॅडल उतरवून पुन्हा स्क्रेपर हातात घ्यावा लागतो.