काटा तपासता येतो, यादी कोण तपासणार?



गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्याची चर्चा गावोगाव होते. कोणी म्हणतो काटा चोख आहे, कोणी म्हणतो गाडीमागे किलो मारले. शंका आलीच तर बाहेरच्या काट्यावर गाडी वजन करून आणता येते, वैधमापन खात्याचे भरारी पथक येते, आणि काहीच नाही जमले तर वार्षिक सभेत उभे राहून चेअरमनसाहेबांना दोन शब्द सुनावता येतात.

पण आज आपल्या घरात येणारा पैसा आणखी एका काट्यावरून जातो, आणि तो काटा आपल्याला दिसत नाही. आधार, आधारला जोडलेले बँक खाते, मोबाईलवरची ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, या सगळ्यांना मिळून 'डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा' असे भारदस्त नाव आहे. २०२३ साली दिल्लीत जी-२० राष्ट्रांची परिषद झाली, तेव्हा हा शब्द फार गाजला. जसा रस्ता, जसा कालवा, तशीच ही सोय असे सांगतात. ते खरेही आहे. मात्र कालवा फुटला तर पाणी चार जणांच्या रानात शिरते आणि सगळा गाव धावतो. इथे फुटले तर ज्याचे गेले त्यालाच कळते, तेही कधी कधी वर्षाने.

२०१७ सालची हकिगत पाहा. गॅसची सबसिडी तोवर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येऊ लागली होती. 'पहल' योजना १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली होती. मार्च २०१७ मध्ये दूरसंचार खात्याने हुकूम काढला की प्रत्येक मोबाईल सिम आधारशी जोडून घ्यावे. लोक दुकानात गेले, यंत्रावर अंगठा ठेवला, घरी आले. काही महिन्यांनी अनेकांच्या लक्षात आले की गॅसची सबसिडी नेहमीच्या बँकेत येईनाशी झाली आहे. गॅस एजन्सी म्हणते पैसे पाठवले, बँक म्हणते आले नाहीत. मग गेले कुठे?

ते गेले होते एअरटेल पेमेंट्स बँकेत. सिमच्या तपासणीसाठी ठेवलेल्या अंगठ्यावर नवे खाते उघडले गेले होते, आणि ग्राहकांची नीट संमती न घेता हे झाले असा आधार प्राधिकरणाचा आरोप होता. ज्यांना आपले असे खाते आहे हेच ठाऊक नाही, ते तिथे पैसे शोधायला जाणार कसे? तक्रारी वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागल्या तेव्हा प्रकरण उघड्यावर आले. डिसेंबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने एअरटेलचा आधार पडताळणीचा परवाना तात्पुरता थांबवला. सुमारे ३१ लाख ग्राहकांचे मिळून सुमारे १९० कोटी रुपये या वाटेने वळले होते. ते परत करण्याचे बँकेने मान्य केले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला ५ कोटी रुपये दंड केला.

आता हे घडू कसे शकले, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण तीच व्यवस्था आजही चालू आहे. सरकारी अनुदान आधार क्रमांकावर सुटते तेव्हा त्यावर खाते नंबर नसतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक मोठी यादी आहे. कुठला आधार क्रमांक कुठल्या बँकेशी जोडला आहे, एवढेच त्या यादीत असते. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि जिची जोडणी सर्वांत शेवटी झाली ती बँक खरी. तुम्ही जिल्हा बँकेत दहा खाती ठेवा, पण मध्येच दुसऱ्या एखाद्या बँकेने तुमचा आधार आपल्याकडे जोडून घेतला की पुढचा हप्ता तिकडे. २०१७ च्या गोंधळानंतर, ग्राहकाच्या संमतीशिवाय आणि त्याला कळवल्याशिवाय जोडणी बदलू नये असा आदेश प्राधिकरणाने बँकांना दिला. हा आदेश आपोआप निघालेला नाही. कुणीतरी गाऱ्हाणे ऐकले, कागद तपासले, आणि छापले, म्हणून निघाला.

आमच्याच गटातल्या एका सभासदाचे पीएम-किसानचे हप्ते असेच दीड वर्ष 'गायब' होते. गडी चार वेळा तालुक्याला जाऊन आला. शेवटी पैसे सापडले ते मुलाच्या शिष्यवृत्तीच्या वेळी कुठल्याशा कॅम्पमध्ये उघडलेल्या खात्यात. त्याचे शब्द असे: "बँकवाला म्हनतो वर इचारा, वरचा म्हनतो बँकंत इचारा. वर म्हंजी कुठं, ते कुनी सांगंना!"

हे 'वर' कुठे आहे ते शोधून काढणे हे पत्रकाराचे काम. जालंधरच्या रचना खैरा या बातमीदार बाईंनी ते केले. चंदीगडहून निघणाऱ्या 'द ट्रिब्यून' या जुन्या दैनिकात जानेवारी २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात त्यांची बातमी आली. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या एका दलालाला त्यांनी ५०० रुपये दिले, आणि दहा मिनिटांत त्यांना एक नाव व पासवर्ड मिळाला. त्यावर कुठलाही आधार क्रमांक टाकला की त्या माणसाचे नाव, पत्ता, फोटो, फोन समोर येत होते. आणखी ३०० रुपयांत कार्ड छापून देणारे सॉफ्टवेअरही मिळाले. प्राधिकरणाने सांगितले की बोटांचे ठसे व डोळ्यांची माहिती सुरक्षित आहे, तिला धक्का लागलेला नाही. त्याच वेळी दिल्ली पोलिसांकडे जी फिर्याद दाखल झाली, तिच्यात दलालांबरोबर बातमीदार बाईंचे आणि वर्तमानपत्राचेही नाव होते! चोरी दाखवणाऱ्यालाच चावडीवर बसवल्यासारखे झाले. एडिटर्स गिल्डने निषेध केला, गदारोळ झाला, आणि आठवडा उलटायच्या आत, १० जानेवारीला, प्राधिकरणाने 'व्हर्च्युअल आयडी' जाहीर केला. आधारऐवजी देता येणारा हा १६ आकडी तात्पुरता क्रमांक. अशी सोय आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही फार उशिरा कळले.

झारखंडची गोष्ट याहून वाईट. मार्च २०१७ मध्ये तिथल्या सरकारने आधारशी न जोडलेली रेशनकार्डे रद्द धरण्याचा आदेश काढला. त्याच सप्टेंबरात सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी वारली. घरच्यांचे म्हणणे, कार्ड रद्द झाल्यामुळे महिनोन् महिने धान्य नव्हते, पोर भुकेने गेली. सरकारचे म्हणणे, मलेरियाने गेली. पत्रकार आणि कार्यकर्ते त्या घरी पोचले नसते, तर सरकारी यादीत ते कार्ड 'बोगस रद्द' या रकान्यातच राहिले असते, आणि वाचलेल्या धान्याचा आकडा तेवढा भाषणात आला असता. पुढे मार्च २०१८ मध्ये खुद्द प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सुप्रीम कोर्टात सांगितले की सरकारी सेवांमध्ये १२ टक्के वेळा आधार पडताळणी जुळत नाही. कोयता, खुरपे चालवणाऱ्याच्या बोटांवर ठसा राहतोच किती! आपल्या तोडणी कामगारांचे हात बघा म्हणजे कळेल.

हे सर्व वाचून ही व्यवस्थाच नको असे कोणी म्हणेल, तर मी त्या मताचा नाही. पूर्वी अनुदानाच्या चेकसाठी किती खेटे घालावे लागत, ते आपण विसरलेलो नाही. मोबाईलवरून खतवाल्याला पैसे देता येतात, सात-बारा घरबसल्या निघतो, ही सोय लहान नाही. माझी तक्रार वर्तमानपत्रांबद्दल आहे, आणि थोडी आपल्याबद्दलही. अमुक लाख शेतकऱ्यांची नोंदणी पूर्ण, ही बातमी सरकारी प्रसिद्धीपत्रकातून जशीच्या तशी येते. किती जणांची अडली, का अडली, हे क्वचित येते. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. सामाईक खाते असेल, वारसनोंद राहिली असेल, वाट्याने जमीन कसत असेल, तर त्या माणसाचे काय होते? हा प्रश्न घेऊन तालुक्याचा वार्ताहर गावात बसला, असे मी तरी फार पाहिलेले नाही. देशातले पहिले आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. त्या दिवशी सारी वर्तमानपत्रे तिथे होती. नंतर मोजकेच पत्रकार पुन्हा गेले. कार्ड मिळाले पण पुढे काय, हे त्यांनीच विचारले.

दूरच्या केनियातही असेच झाले. तिथेही ऊस पिकतो बरं का! २०१९ मध्ये 'हुडुमा नांबा' नावाची सर्वांची नोंदणी निघाली. ज्या न्यूबियन समाजाला साधे ओळखपत्र मिळवताना पिढ्यान् पिढ्या अडवले गेले, त्यांची संघटना कोर्टात गेली. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने आधी माहितीच्या संरक्षणाची नीट व्यवस्था करा असे बजावले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो नियम न पाळता काढलेली कार्डे बेकायदा ठरवली.

आपल्याकडे पूर्वी तलाठी चावडीवर नोंदी वाचून दाखवायचा. चूक असली तर म्हातारा कोतारा उठून म्हणायचा, "ते रान माझ्या चुलत्याचं हाय." यादी यंत्रात गेली आणि हे चावडीवाचन मागे पडले. माहितीच्या अधिकारातून यादी मागवावी, तर २०२३ च्या नव्या वैयक्तिक माहिती कायद्याने त्या अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम आणखी घट्ट केले आहे. पत्रकारांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली आहे. ज्या महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या उपोषणांनी २००२ चा माहिती कायदा आणला, तिथे या बदलाची चर्चा कुठल्या पारावर झाली?

सभासदांच्या सोयीसाठी: आपला आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडला आहे ते प्राधिकरणाच्या 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' या ठिकाणी दिसते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ हवा. भलतीच बँक दिसली तर आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन जोडणी बदलण्याचा अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १९४७. ज्यांचे हप्ते अडले आहेत त्यांनी तारीख, योजना आणि कोणत्या कचेरीत काय उत्तर मिळाले ते कागदावर लिहून गट कार्यालयात द्यावे. नाव छापायचे नसल्यास तसे लिहावे. आधार क्रमांक मात्र पत्रात लिहू नये.