जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणताना

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जुनी मोटार दुरुस्त करायला काढणाऱ्याने आधी ध्यानात ठेवावी. जुनी गाडी स्वस्तात मिळते, पुष्कळदा घरातच उभी असते. पैसा लागतो तो पुढे, आणि तो कोणत्या क्रमाने खर्च केला यावरच गाडी चालणार की पुन्हा उभी राहणार हे ठरते.

वाचक बंधू-भगिनींनो, शेतीखात्याचा माणूस मोटारीवर का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण भाताचे, भाजीचे बोलणे संपले की घरधनी हळूच पडवीच्या बाजूला नेतो, ताडपत्री उचलतो आणि विचारतो, "साहेब, हिचं काही होईल का?" ताडपत्रीखाली बहुतेक वेळा फियाटच असते. म्हणून आज तिच्याविषयीच चार गोष्टी सांगतो.

ही गाडी आपल्या मातीतली आहे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने उभारले आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनीही काढली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे असा तो काळ होता. गावात एखाद्याच्या दारी फियाट असली की तो श्रीमंत मानला जाई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तर पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. घरगुती पद्मिनी मात्र अजून ठिकठिकाणी आहेत.

आधी कागद, मग पाना

पान्याला हात लावण्यापूर्वी आरसी पुस्तक शोधा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ भरावा लागतो. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर, विमा, धुराचे प्रमाणपत्र आणि नव्या पद्धतीच्या नंबरपाट्या यांचा खर्च वेगळा. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर नमुना ३१ भरून ती आधी वारसाच्या नावे करून घ्या. सातबारावर वारसनोंद राहिली की पुढे काय त्रास होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. इथेही तसेच आहे.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी सांगाडा वेगळा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटला तसे नाही. तिचा तळ, बाजूच्या पट्ट्या आणि वरचा पत्रा मिळून एकच पेटी असते आणि सगळा भार तीच पेटी घेते. म्हणून फियाटचा तळ गंजला म्हणजे घराची जोतीच खचली. वरून कितीही चांगला रंग दिला तरी ती गाडी धोक्याचीच.

भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनजवळचे पाली हे अगदी समुद्रालगतचे गाव. तिथला वारा माणसाला चांगला, पण लोखंडाला वाईट. हवेतले मीठ पत्र्यावर बसते. मीठ ओलावा ओढून धरते, त्यामुळे पत्रा वरून कोरडा दिसला तरी ओलाच राहतो, आणि खाऱ्या पाण्यात गंज फार वेगाने पसरतो. दर हंगामाला होडी वर ओढून खरवडणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कोळी बांधवांना हे सांगायला नको.

पालीतल्याच एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. वडील गेल्यापासून त्यांची पद्मिनी घराच्या कडेला उभी होती. दोघे भाऊ, थोरला बोटीवर जातो, धाकटा पावसाळ्यात भात आणि पुढे भाजी करतो. धाकट्याच्या मनात गाडी लाल रंगाची करावी, रुंद चाके लावावी, आत गाणी लावावी असे होते. रंगवाल्याने आकडा सांगितला आणि त्यासाठी घरच्या सूनबाईने बचत गटातून कर्ज काढावे असे ठरत आले. तेव्हा म्हातारी आई एवढेच म्हणाली, "अरे, आधी आत बसून पाय टेक. जमिनीला लागतो का बघ." चटई उचलली तर खरोखरच ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला भोक होते. कर्जाचा बेत तिथेच थांबला.

तुम्हीही तसेच तपासा. चटई काढून तळ पाहा, डिकीत स्टेपनीखालची जागा पाहा, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि काचेच्या रबराभोवतीचा पत्रा पाहा. जाड स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच ठोका. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. पोकळ भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. भोकावर पुट्टी थापणाऱ्या कारागिराला नमस्कार करून परत पाठवावे, कारण पुट्टीखाली गंज वाढतच राहतो. जोडकामानंतर तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन, पूर्ण वाळवून मगच रेड ऑक्साइडचा हात द्यावा. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके असतात, ती मोकळी करायला विसरू नका.

शंभर रुपयांची वाटणी

पैसा मोजका असेल तर आधी वाटणी करावी. माझा अंदाज असा: शंभर रुपयांतले १० कागद आणि विम्याला, ३० तळ आणि पत्र्याला, २० ब्रेक, स्टेअरिंग आणि टायरला, १५ इंजिनाला, ५ वायरिंगला, १० रंग आणि गाद्यांना, आणि उरलेले १० राखीव. गाडी उघडली की न दिसलेले काम निघतेच, म्हणून राखीव पैशाला आधी हात लावू नये.

इंजिनाला तुम्ही घाबरू नका. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, साध्या कार्बोरेटरचे. ऑइल इंजिन उघडलेल्या माणसाला ते समजते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबून इंजिन हाताने फिरवून पाहावे. जुने ऑइल आणि टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. ब्रेकचे रबर मात्र डोळे झाकून बदलावे. चालू न होणारी गाडी घरी राहते, न थांबणारी घात करते. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असते. कणगीशेजारी उभी केलेली गाडी असेल तर ते धरूनच चाला.

आणखी एक नवी गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनते, शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवा आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि मुंबईच्या चोरबाजारात शोधले तर मिळतात. जुना भाग सोबत न्या, ताडून घ्या. ब्रेकचे भाग मात्र जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत.

हौस कुठवर?

हौसेला मोल नसते हे खरे, पण कायदा असतो. मोटारीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. छप्पर कापणे, सांगाडा बदलणे असले उद्योग करू नका. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी हवी. रंग बदलला तर आरसीत नोंद करावी, आणि लष्करी हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही. रेक्झिनच्या नव्या गाद्या, छताचे कापड, सीटचे पट्टे, नीट लावलेले दिवे, यात हौस भागवावी. ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची पुरातन वाहन म्हणून नोंद होऊ शकते. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, हेही लक्षात घ्या.

कामाचे वेळापत्रक हवामान पाहून ठरवावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरची माणसे हाताशी असतात. त्या दिवसांत छपराखाली इंजिन आणि ब्रेकचे काम उरकावे. रंग मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर द्यावा. दमट हवेत दिलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि वर्षभरात पोपडे निघतात. गाडीवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नका. वर छप्पर आणि बाजूने वारा असावा.

पालीच्या त्या भावांनी पहिल्या वर्षी फक्त तळ, ब्रेक आणि कागद केले. त्यासाठी कर्ज काढावे लागले नाही. थोरला बंदीच्या दिवसांत स्वतः घासकाम करीत असे. रंग दुसऱ्या वर्षी, भाजीचे पैसे आल्यावर दिला, आणि तोही मूळचाच पांढरा. आता रविवारी आई त्याच गाडीतून देवळात जाते. धाकट्याने टॅपेट लावायला शिकून घेतले आणि आता शेजारच्यांचे पंपही तोच उघडतो. गाडीपेक्षा ही कमाई मोठी आहे असे मला वाटते.

सगळ्याच गाड्या वाचत नाहीत. तळ, बाजूच्या पट्ट्या आणि कमानी तिन्ही गेल्या असतील, तर मन घट्ट करून ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, दाखला घ्यावा आणि आरसी रद्द करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. खाटे बैल आपण विकतोच ना? मात्र तळ शाबूत असेल, तर घाई न करता, एका हंगामाला एक काम या हिशेबाने हात घाला. या रविवारी एवढेच करा, ताडपत्री बाजूला सारा, चटई उचला आणि पत्र्यावर मूठ ठोकून पाहा.