लहान इंजिनाचे मोठे बळ

भरलेली मालमोटार काळ्या धुराचे लोट सोडीत, रांगत रांगत चढण चढत आहे, हे दृश्य एकेकाळी खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटांत नित्याचे होते. मागच्या गाडीतून नाक दाबून जाणाऱ्या प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नसे, की तो धूर म्हणजे मालकाने रोख पैसे मोजून घेतलेले, परंतु पुरते न जळालेले डिझेल होय. चढणीवर चालक पाय दाबून डिझेल वाढवी. मात्र ते जाळण्याइतकी हवा सिलिंडरात नसे.

इंजिनाची खरी भूक हवेची असते. एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे ११ किलो हवा लागते. म्हणजे एखादे लहानसे न्हाणीघर भरून टाकील एवढी, सुमारे ९ घनमीटर! अधिक शक्ती हवी असेल तर अधिक इंधन जाळावयास हवे आणि त्यासाठी अधिक हवा हवी. ती मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे सिलिंडर मोठे करणे किंवा त्यांची संख्या वाढविणे. दुसरा मार्ग म्हणजे लहान सिलिंडरातच हवा दाबून भरणे. हा दुसरा मार्ग स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट अर्जाद्वारे मांडला. त्यातूनच आजचा टर्बोचार्जर घडला.

त्याची रचना सांगावयास सोपी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान पंखचक्रे असतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू पहिले चक्र फिरवितात आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरांकडे पाठविते. गती मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांपर्यंत जाते. दाबल्यामुळे हवा तापते आणि तापलेली हवा प्रसरण पावते. म्हणून तिला वाटेत एका जाळीदार शीतकातून नेतात. त्यालाच इंटरकूलर म्हणतात. ही सारी शक्ती फुकटात मिळते, असे विक्रेते सांगतात. ते अगदीच खरे नव्हे. बाहेर पडणाऱ्या वायूंना या चक्राचा अडथळा होतो आणि त्याची थोडी किंमत इंजिनाला मोजावी लागते. तथापि, एरवी सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग परत हाती येतो, हे निश्चित.

उंचीवर या यंत्राचे मोल विशेष कळते. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन चालविले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले. टर्बोचार्जर जोडताच त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. आपल्या महाबळेश्वरला हवा एवढी विरळ नाही; तरी साध्या इंजिनाची सुमारे आठव्या हिश्शाची शक्ती तेथे कमी होते. टर्बो असलेल्या गाडीला ही उणीव फारशी जाणवत नाही.

मालमोटारींच्या बाबतीत हा बदल त्यांच्या नावांतच वाचता येतो. टाटांच्या ‘१२१०’ या जुन्या गाडीच्या नावातील पहिले दोन अंक टनांतील एकूण भार दाखवीत आणि पुढचे दोन अंक, दहाने गुणल्यास, ढोबळमानाने अश्वशक्ती. पुढे आलेली ‘२५१८’ म्हणजे २५ टन आणि १८० अश्वशक्ती. टर्बोविना सुमारे ५.७ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन १३० अश्वशक्तीच्या आसपास थांबत असे. जवळजवळ त्याच आकाराचे, ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन टर्बो आणि इंटरकूलरसह १८० पर्यंत गेले. इंजिनाचे वजन फारसे न वाढता गाडी दुप्पट भार ओढू लागली, म्हणून दर टनामागे लागणारे डिझेल घटले.

मोटारगाडीतील बचतीचे कारण मात्र वेगळे आहे, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस जेमतेम १५ ते २० अश्वशक्ती पुरते. पेट्रोलचे मोठे इंजिन अशा वेळी हवेची वाट झडपेने अर्धवट बंद करून चालते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यातच इंधन खर्च होते. डिझेल इंजिनात हवेला अशी आडकाठी नसते. लहान पेट्रोल इंजिनात तीच झडप अधिक उघडी राहते, शिवाय घासणारे भागही कमी असतात. ओव्हरटेक करताना किंवा चढणीवर टर्बो मदतीला येतो. चाकण येथे पूर्वी तयार होत असलेल्या फोक्सवॅगन व्हेंटो गाडीचे उदाहरण बोलके आहे. २०२० मध्ये तिच्यातील १.६ लिटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची जागा १ लिटरच्या तीन सिलिंडरी टर्बो इंजिनाने घेतली. शक्ती १०५ वरून ११० झाली. टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा जोर, १५३ न्यूटन-मीटरवरून १७५ झाला आणि तो पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी फेऱ्यांवर मिळू लागला. ‘सीसी जास्त म्हणजे गाडी दमदार’ हे जुने समीकरण येथे चुकते.

लहान इंजिनांच्या प्रसाराला करांचाही हातभार लागला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसी या मर्यादेतील गाड्यांचे उत्पादन शुल्क केंद्र सरकारने २००६ मध्ये २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. सप्टेंबर २०२५ च्या वस्तू व सेवा कराच्या फेररचनेतही हीच मापे ठेवून अशा गाड्यांना १८ टक्के, तर इतर पेट्रोल-डिझेल मोटारींना ४० टक्के दर लागू झाला.

असे असूनही पुष्कळ मालकांची तक्रार असते, की कागदावरील ॲव्हरेज रस्त्यावर मिळत नाही. ही तक्रार निराधार नाही. लहान इंजिन कमी पितें ते हलक्या पायाखाली. सतत जोरात दामटले, की टर्बो अधिक हवा भरतो आणि तेवढेच अधिक इंधनही मागतो. पेट्रोल इंजिनात तर अतिभाराच्या वेळी आतील उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी कित्येकदा गरजेहून जास्त पेट्रोल सोडावे लागते. म्हणून पाच माणसे व सामान भरून नेहमी भरधाव जाणाऱ्यास लहान इंजिनापासून फारसा लाभ होत नाही. शहरात व बेताच्या वेगाने हिंडणाऱ्यास होतो.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. लाखभर फेऱ्या घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि एका बाजूचे चक्र लाल होईतो तापलेले असते. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो, अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि दांड्याचे आधार झिजू लागतात. अनुभवी चालक ढाब्यावर गाडी लावल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवतात, ते याचसाठी. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे आणि मुदतीत बदलावे. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर मुदतीपूर्वीच तपासलेला बरा. त्यातून निसटलेला वाळूचा कणसुद्धा त्या गतीच्या पात्यांवर छर्र्यासारखा आदळतो.