पाणी उकळा, एवढंच सांगायचं होतं

पेरूमधल्या इका खोऱ्यात लॉस मोलिनोस हे दोनेकशे घरांचं गाव. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली आरोग्यसेविका दारोदार फिरून बायकांना सांगत होती, पाणी उकळून प्या. दोन वर्षं ती सांगत राहिली. त्यातून पाणी उकळायला नव्याने लागलेली घरं निघाली जेमतेम अकरा. एडवर्ड वेलिन या मानववंशशास्त्रज्ञाने ही हकीकत लिहिली, ती 1955 मध्ये प्रसिद्ध झाली आणि वैद्यकीय मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या वर्गांतून आजही सांगितली जाते.

असं का झालं, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायची गरज नाही. आपल्याकडे पपई उष्ण आणि ताक थंड असतं, तसे त्या गावातही सगळ्या खाण्यापिण्याचे दोन कप्पे होते. कच्चं पाणी फार थंड. ते आजाऱ्याला सोसत नाही म्हणून त्याच्यापुरतं उकळायचं. मग धडधाकट माणसाने आजाऱ्याचं पाणी का प्यावं? पण वेलिनने आणखीही काही नोंदवलं होतं. सरपण पुरत नव्हतं, आणि शेतात राबून येणाऱ्या बाईला पाण्यासाठी वेगळी चूल पेटवायला सवड नव्हती. वर्गाबाहेर पडताना विद्यार्थ्यांच्या डोक्यात उष्ण-थंड पक्कं बसलेलं असतं, सरपण मात्र कुणाला आठवत नाही. या विषयातली मोठी मेख मला इथे दिसते.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा विषय, जागतिक आरोग्य या नावाखालीही, आता पदवीच्या वर्गांत आला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात जागतिक आरोग्य आणि सामाजिक वैद्यक या विषयात पदवी घेता येते. ड्यूक विद्यापीठात जागतिक आरोग्य हा मुख्य विषय दुसऱ्या एखाद्या मुख्य विषयाच्या जोडीनेच घ्यावा लागतो. अनेक विद्यार्थी एखादं सत्र परदेशात काढतात: स्थानिक कुटुंबात राहायचं, सकाळी भाषा शिकायची, आरोग्य केंद्रात बसून बघायचं, रात्री वही लिहायची आणि शेवटी छोटा प्रकल्प करायचा.

काय बघायचं आणि काय विचारायचं, याचा एक जुना धडा आर्थर क्लाइनमन यांचा. ते मनोविकारतज्ज्ञही आणि मानववंशशास्त्रज्ञही. 1978 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या निबंधात डॉक्टरांनी रुग्णाला विचारायचे काही प्रश्न दिले. हे कशामुळे झालं असं त्याला वाटतं, नेमकं आत्ताच का झालं, सगळ्यात जास्त भीती त्याला कशाची वाटते. प्रश्न साधे आहेत, पण किती दवाखान्यांत कुणी ते विचारतं? पुढे या प्रश्नांचाही छापील तक्ता झाला, आणि अमुक समाजाचे लोक असेच वागतात असं शिकवणारी पत्रकं निघाली. 2006 मध्ये खुद्द क्लाइनमन यांना, पीटर बेन्सन यांच्यासोबत, त्याविरुद्ध लिहावं लागलं.

त्यांचेच विद्यार्थी पॉल फार्मर. ड्यूकमध्ये वैद्यकीय मानववंशशास्त्र शिकत असताना त्यांना हैती भेटलं ते तिथल्याच, उत्तर कॅरोलिनातल्या तंबाखूच्या शेतांवर राबणाऱ्या हैतीच्या मजुरांत. (परदेश कधीकधी कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर असतो.) पदवीनंतर, 1983 मध्ये, ते हैतीला गेले आणि पुढे कांज या वस्तीत रमले. 1956 मध्ये पेलिग्र इथे धरण झालं, खोऱ्यातली शेती बुडाली आणि विस्थापित माणसं वरच्या उजाड डोंगरावर येऊन बसली, ती ही वस्ती. धरणाची वीज दूर राजधानीकडे गेली. कोयनेपासून उजनीपर्यंतच्या धरणग्रस्तांना यात नवं काही वाटणार नाही.

इथे फार्मर यांनी क्षयरोग्यांची एक पाहणी केली. औषध सगळ्यांना फुकट. काहींना त्याशिवाय दरमहा थोडे पैसे, पोषणाची मदत, दवाखान्यात यायचा खर्च आणि घरी येऊन चौकशी करणारी आरोग्यसेविका. हा आजार करणीमुळे होतो का, असंही विचारलं, आणि पुष्कळांनी हो म्हटलं. पैसे आणि पोषण मिळालेले सगळे बरे झाले, नुसतं औषध मिळालेल्यांपैकी जेमतेम निम्मे. करणी मानण्या-न मानण्याने काही फरक पडला नाही. संस्कृतीचा अभ्यास करायला गेलेल्या माणसाने परत येऊन सांगितलं, आधी बसभाड्याचं बघा. आपल्याकडे 2018 पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिना 500 रुपये मिळू लागले आणि 2024 मध्ये ते 1000 झाले, त्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे.

याचा अर्थ समजुतींना किंमत नाही असा नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. आदिवासी इस्पितळाला बिचकतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी लोकांनाच विचारलं. मग शोधग्राम या त्यांच्या संकुलातलं इस्पितळ झोपड्यांसारखं बांधलं गेलं, नातेवाईक रुग्णाजवळ राहू शकतील असं, आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

त्याआधी हॉपकिन्समध्येच शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम उभारलं. तिथे आज परदेशातून विद्यार्थी येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. त्यांतल्या पहिल्या पिढीतल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती. उलट्या दिशेचं हे परदेशी शिक्षण आपल्या वर्तमानपत्रांत फारसं येत नाही.

आता एक अवघड मुद्दा. कॉलेजातल्या पोराच्या हाती परदेशी दवाखान्यात इंजेक्शन दिलं जातं, क्वचित टाकेही घालू देतात. स्वतःच्या देशात जे करायचा परवाना नाही ते तिथेही करायचं नाही, हा नियम अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी पैसे घेऊन असा ‘अनुभव’ देणारे दुकानदार पुष्कळ. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातली छायाचित्रं बाजूला ठेवून दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. तिथल्या नर्सचा जो वेळ जातो त्याबद्दल त्या केंद्राला काय मिळतं? शिकवणाऱ्यांत तिथले किती? प्रकल्पाला तिथल्या नैतिकता समितीची मंजुरी लागते का? आणि भाषा किती शिकवतात? कांजच्या रुग्णांशी फार्मर क्रेओलमध्ये बोलत. दुभाष्यामार्फत सहसा एवढंच कळतं की रुग्णाने गोळ्या घेतल्या नाहीत. आदल्या रात्री घरात काय शिजलं होतं, हे विचारायचं दुभाष्याला सुचतही नाही.